बूट काढून नाच

"उतर. बूट काढ अन् नाच."

खंडेनवमीचा दिवस होता. चाकणच्या आमच्या मोटारसायकलच्या कंपनीत मशीनची पूजा चाललेली. शेडबाहेर मांडव, झेंडूच्या माळा, साहेब लोक कपाळाला गंध लावून खुर्च्यांवर बसलेले. पूजेची नवी गाडी घेऊन मी मांडवाच्या तोंडाशी आलो होतो. गाडीला हार, माझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगात कंपनीचा युनिफॉर्म. आणि मांडवाच्या कडेला माझा बाप हलगी वाजवत होता. त्याला सुपारी देऊन बोलावलं होतं.

बोलणारा आमचा लेबर ठेकेदार. सगळे त्याला शेठ म्हणतात. आमच्याच गावचा. कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. जमीन गेली, पैसा आला, आणि आता कंपनीला माणसं पुरवायचं काम तोच करतो. मी त्याचाच माणूस. केस पिकायला लागले तरी कंत्राटी. गळ्यातल्या कार्डावर माझ्या नावाच्या वर त्याच्या फर्मचं नाव.

"बाप वाजवतोय अन् पोरगं गाडीवर बसलंय. शोभतं व्हय?" तो साहेबांकडे बघून म्हणाला. "साहेब, लहानपणी लई भारी नाचायचा ह्यो. सेफ्टी शूज काढायला सांगा, मग बघा."

लोक हसले. साहेबही हसले. वाईट हसले नाहीत, सणासुदीचं हसले. तेच मला जास्त लागलं.

लहानपणी मी नाचायचो हे खरं आहे. आम्ही मातंग. हलगी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. बाप काटक्या पेटवून हलगी शेकायचा. कातडं ताणलं की तो बोटानं टिचकी मारून बघायचा, आणि पहिली थाप पडायच्या आत माझे पाय सुटलेले असायचे. कुणी शिकवलं नव्हतं. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. उकिरड्याजवळच्या मोकळ्या जागेत मी एकटाही नाचायचो. तेव्हा ते माझं होतं.

मग शेठच्या थोरल्या भावाची वरात निघाली. मे महिना, दुपार. आईनं आठवडी बाजारातनं मला नव्या चपला आणल्या होत्या. मी घोड्यापुढं नाचायला लागलो तर हाच शेठ, तेव्हा मिसरूड फुटलेला, आडवा आला.

"घोड्याम्होरं चपला घालून नाचतो व्हय रं? काढ."

मी बापाकडं बघितलं. बापानं खाली बघितलं. मी चपला काढल्या.

रस्त्याचं डांबर पाघळलेलं. पाय टेकवेना. एक टेकवला की लगेच दुसरा उचलायचा. मी भाजत होतो, उड्या मारत होतो, आणि लोक म्हणत होते, "काय नाचतंय राव पोरगं!" शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात बापानं चाल वाढवली. हलगी जलद झाली, तसे लोक आणखी चेकाळले. मला वाटलं, हाही त्यांच्यातलाच झाला.

चपला परत सापडल्या नाहीत. तळव्यांना फोड आले. त्यानंतर मी नाचलो नाही. गणपतीत नाही, दोस्तांच्या लग्नात नाही, माझ्या स्वतःच्या हळदीतही नाही. थेरगावची मेहुणी हाताला धरून ओढायची, मी पाय दुखतोय म्हणून सांगायचो. ते खोटंही नव्हतं.

कंपनीत मला काम मिळालं ते ट्रॅकवर. लाइनवरनं उतरलेली गाडी फिरवून बघायची. ब्रेक, गिअर, आवाज, हँडल कुठे ओढतंय का. कोऱ्या टायरवर गुळगुळीत थर असतो, म्हणून सुरुवातीला गाडी सरळ आणि हळू न्यायची. हलगी शेकतात तसं टायर जरा शेकू द्यायचं. मग वळणं. शेवटी आठचा आकडा.

त्या आठच्या आकड्यात मला माझं अंग परत सापडलं. हँडल जोरानं वळवायचं नसतंच. गुडघ्यांनी टाकी धरायची, कंबर सैल सोडायची, नजर पुढच्या वळणावर टाकायची. गाडी आपोआप कलते. जरा थांबते. मग ॲक्सिलरेटरला बोटभर पीळ दिला की उठते, आणि दुसऱ्या अंगावर जाते. डावं, उजवं. पोटात ताल धरल्यासारखं. ट्रॅकवर माझ्याबरोबर असणारा शकील एकदा म्हणाला, "भावा, तू गाडी चेक करत नाहीस. नाचतोस तू."

मी त्याच्यावर चिडलो. सुट्टी झाल्यावर नळावर हात धुताना कळलं की तो बरोबर बोलला. इतकी वर्षं मी नाचत नव्हतो, असं मला वाटत होतं. आणि रोज आठ-आठ तास मी तेच करत होतो. फक्त कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि पायात बूट घालून. मला रडू आलं. आनंदाचंच होतं ते.

गाडी पुढं वाकडच्या कुठल्या टॉवरखाली उभी राहते, मला माहीत नाही. पण ती पहिल्यांदा माझ्याबरोबर नाचलेली असते.

तर, मांडवात. मी गाडीवरनं उतरलो नाही. आमचे सुपरवायझर घाईघाईनं जवळ आले. माणूस वाईट नाही. कानाशी म्हणाले, "अरे, बूट राहू दे. गाडीवरच दोन आठ मार. ट्रॅकवर मारतोस तसे. तुझ्या परमनंटचं बोलणं चाललंय, शेठला कशाला दुखावतोस?"

खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. गाडी सुरू होती. पुढं मोकळी जागा होती. बापाची हलगी नेमक्या चालीवर होती आणि माझी कंबर तिला ओळखत होती. मारले असते आठ, टाळ्याही पडल्या असत्या. आणि शेठ म्हणाला असता, नाचवला का नाही? उद्यापासून ट्रॅकवरचा माझा प्रत्येक आठ त्याचा झाला असता. वरात पुन्हा सुरू झाली असती, आणि यावेळी मी स्वतः होऊन तिच्यात गेलो असतो.

मी इंजिन बंद केलं. गाडी स्टँडला लावली. किल्ली काढून पूजेच्या ताटात, हळदीकुंकवाशेजारी ठेवली.

"बूट काढणार नाही," मी म्हणालो. "नाचणार नाही. खालीही नाही अन् गाडीवरही नाही."

हलगी थांबली. बापानं थांबवली की त्याचा हात थकला, मी कधी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर मला ट्रॅकवरनं काढून लोडिंगला टाकलं. परमनंटचं बोलणं तिथंच मिटलं. आता मी बंद गाड्या ढकलत कंटेनरमध्ये चढवतो. त्याच गाड्या. किल्ली हातात येत नाही. खांदे भरून येतात, घरी आलो की ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटतात. शकील ट्रॅकवरनं हात करतो. मी हात वर करतो. कंटाळलोय, हे लपवायचं कशाला.

मग एकदा जेवताना बाप म्हणाला, "दोन पावलं टाकली असती तर काय झिजला असतास?"

"आबा, त्या वरातीत माझे पाय भाजत होते."

"ठावं हाय," तो म्हणाला. "म्हणून तर चाल वाढवली. म्हटलं, वरात बिगीबिगी सरंल."

त्याच्या हातात तेवढंच होतं. आणि तेही वरातवाल्यांच्याच कामी आलं.

रविवारी माझी जुनी गाडी काढतो. राजगुरुनगरच्या पुढं, भीमाशंकरच्या वळणांवर जातो. अंग दुखत असतं, तरी जातो. तिथं मी नाचतो, बघायला कुणी नसतं.

खंडेनवमी दरसाल येते. शेठ पुन्हा हलगी सांगेल, मला पुन्हा हाक मारेल. मी सुट्टी टाकणार नाही, मागच्या रांगेत लपणार नाही. बुटाची नाडी घट्ट बांधून तिथंच समोर उभा राहीन, आणि पुन्हा नाही म्हणेन.