चौकशी आणि तिचं कपाट

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती की मेट्रनबाईंच्या वरच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरीला बाईंचं काहीतरी जुनं गुपित सापडलंय, आणि त्याच्या जोरावर ती तिथे ठाण मांडून बसलीय.

कुजबुज जन्मली किराणा दुकानात. इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत पोचेतो तिला हातपाय फुटले. किराणावाला म्हणे, गुपित बाईंच्या हॉस्पिटलच्या नोकरीतलं आहे. इस्त्रीवाला म्हणे, त्यात एक डॉक्टर आहे. शिंपीणबाईंनी त्या डॉक्टरला मिशा लावल्या, घारे डोळे दिले आणि परदेशात पाठवूनही दिलं. मी आपला दोन्हीकडे मान हलवत होतो. असल्या गोष्टीत मध्येच अडवून खरंखोटं विचारणं म्हणजे गाणाऱ्याचा गळा धरणं.

बरं, लोकांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मेट्रनबाई म्हणजे आयुष्यभर मोठ्या हॉस्पिटलचे वॉर्ड धाकात ठेवून निवृत्त झालेली बाई. नवरा कधीच गेलेला, मूल नाही, वरची एक खोली भाड्याने देत. पण भाडेकरू टिकेल तर शपथ. एकाला अंघोळ करताना शीळ घातली म्हणून काढलं. एकीला ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून. तिसरा आपण होऊनच पळाला. रोज सकाळी बाई चादरीचे कोपरे तपासायला वर येतात म्हटल्यावर बिचाऱ्याला झोप लागेना. अशा बाईंकडे ही पोरगी मात्र हलता हलत नाही, आणि बाई चकार शब्द काढत नाहीत. मग लोकांनी काय समजायचं?

पोरीला आम्ही ‘चौकशी’ म्हणायचो. त्याला कारण ती आली तो दिवस. गल्लीच्या टोकापासून तिने एकेक दार वाजवायला सुरुवात केली. पाठीला भलीमोठी सॅक, पायात एका चपलेचा अंगठा शिवलेला. माझ्याही दारात आली.

“आजोबा, खोली आहे का भाड्याने?”

“नाही.”

“बरं, मग जुनं टेबल?”

“आहे.”

“वापरता?”

“त्यावर जेवतो मी.”

“हो, पण जेवून झाल्यावर?”

मी दार लावून घेतलं. पण लावताना हसलो, आणि ते तिने पाहिलं असावं. कारण पुढे ती रोज हाक मारल्याशिवाय गेली नाही.

तिची अडचण साधी होती. वडिलांनी सांगितलं होतं, राहण्या-खाण्याची सोय तुझी तू करणार असशील तर शीक. नाहीतर घरी ये आणि काकाच्या सिमेंटच्या दुकानात बिलं फाड. सिमेंटबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. काकाबद्दल होतं. त्यामुळे डोक्यावर छप्पर टिकवणं आणि शेवटच्या वर्षाचे पेपर देऊन बाहेर पडणं, एवढंच तिला करायचं होतं. शिकत होती संख्याशास्त्र. म्हणजे तिथेही लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरांची बेरीज मांडायची.

मेट्रनबाईंनी तिची घेतलेली मुलाखत खिडकी उघडी असल्यामुळे गल्लीने ऐकली.

“शीळ घालतेस?”

“येत नाही हो मावशी.”

“मी कुणाची मावशी नाही. मित्रमैत्रिणी येतील?”

“झाल्या तर येतील ना. अजून इथे कुणी ओळखत नाही.”

“ओला टॉवेल कुठे टाकशील?”

“टॉवेल घ्यायचाय अजून. सेकंड हँड मिळतो का इथे?”

“टॉवेल सेकंड हँड घेत नाहीत!” बाई ओरडल्या. मग कपाटातला एक धुतलेला, घडीचा टॉवेल आणून त्यांनी तिच्यापुढे आपटला. “आणि नीट ऐक. जाताना आपलं सगळं सामान घेऊन जायचं. मागे काही ठेवायचं नाही. आधीच्या एकाने तुटकी खुर्ची सोडली होती. सगळं सामान घेऊन, आणि धडक्या अवस्थेत. माझ्या घरात मोडतोड चालत नाही.”

अशी ती वर राहायला आली.

कामं तिने विचारूनच मिळवली. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायची. संध्याकाळी तिला मिळालेलं काम मात्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं. शिकायला येणाऱ्या बायकांना मास्तरांबरोबर एकटं बसायला अवघड वाटे, म्हणून मागे ही. काही करायचं नाही, फक्त ओरडायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी खांबाला घासली, दूधवाल्याची सायकल आडवी झाली, तरी मागच्या काचेतून हिचा चेहरा शांत. मांडीवर वही आणि पेन. मास्तर मला म्हणाले, “या पोरीला पगार देतो तो न घाबरण्याचा. मलाच तिच्याकडे बघून धीर येतो.”

सामानही असंच जमलं. शेगडी कुणाची, पंखा कुणाचा. पंखा फिरताना कण्हत असे, पण फिरत असे. सुट्टी लागली की हॉस्टेल सोडून जाणाऱ्या पोरांच्या दारात ही आधी हजर. “टाकणार आहेस का? मग टाकण्याआधी मला विचार.” एका आरशाला मधोमध तडा होता. चौकशी म्हणे, “काय बिघडलं? एका वेळी अर्धंच डोकं विंचरायचंय.”

आणि मग ते कपाट. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकान मुलाच्या हाती दिलं, मुलाने काचेची चकाचक कपाटं आणली, आणि बापाच्या वेळचं लाकडी कपाट फुटपाथवर आलं. उंच, रुंद, वर काचेची दारं, खाली बारीक खणांच्या रांगा, मधोमध नक्षीची पट्टी. प्रत्येक खणावर अजून जुनी लेबलं. ते फुटपाथवरून कधी हललं आम्हाला कळलंही नाही. दुपारी सगळी गल्ली घोरत असताना ते वर गेलं. संध्याकाळी खिडकीतून दिसलं तेव्हा समजलं.

पुढे मी एकदा वर गेलो तर तिचे मोजे ‘ताप’मध्ये होते, चहा-साखर ‘खोकला’मध्ये, आणि कॉलेजची पुस्तकं दोन खणांत कोंबलेली, ‘डोकेदुखी’ आणि ‘पोट’. “हे मुद्दाम?” मी विचारलं. “नाही हो, मापाने बसली,” ती म्हणाली.

त्यानंतर कुणीतरी जिन्यातून मेट्रनबाईंची छत्री पळवली, आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. बाईंचा धाकटा भाऊ लोखंडी दारं-खिडक्या करणारा. गल्लीत त्याला वेल्डरमामा म्हणत. बहिणीची छत्री गेली म्हणताच मामा पेटले. वरच्या खोलीच्या लाकडी चौकटीच्या आत त्यांनी लोखंडाची दुसरी चौकट ठोकली आणि तिला जाळीचं दार लावलं. दार असं अरुंद झालं की मांजरही आत जाताना अंग चोरायचं. मामा गल्लीभर सांगत फिरले, “हत्ती लावा, दार निघणार नाही!”

चौकशीचं शेवटचं वर्ष निम्मं सरलं होतं, तेव्हा मामा एके सकाळी पेढ्यांऐवजी लांब तोंड घेऊन आले. पोराला इथल्याच कॉलेजात उशिराच्या फेरीत प्रवेश मिळाला होता, पण घर कॉलेजपासून लांब आणि हॉस्टेल भरलेलं.

“ताई, वरची खोली आता घरातल्या माणसाला दे.”

सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी कडेवर खेळवलेला. त्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? बाई वर गेल्या आणि चौकशीला म्हणाल्या, “महिनाअखेर खोली मोकळी कर.”

चौकशी पुन्हा दारं वाजवू लागली. पण वर्षाच्या मध्यात खोली मिळते कुठे? जी मिळाली ती अशी: एक जिन्याखाली, जिथे ताठ उभं राहायचं तर दारातच. एक बरी होती, पण मालकांची अट, त्यांची दाढी त्याच खोलीतल्या आरशासमोर होणार, कारण उजेड तिथेच चांगला पडतो. तिसऱ्या घरी संध्याकाळी दिवा लावायला बंदी, मालकीणबाईंचे डोळे दुखतात म्हणून. गाडीमास्तर बिचारे म्हणाले, “गाडीत झोप, मागची सीट तुझीच आहे.” ती हसली, पण त्या आठवड्यात माझ्या दारात आली तेव्हा नेहमीचा आवाज नव्हता.

“आजोबा, टेबलाखाली जागा आहे?”

“पाय लांब करायचे नसतील तर आहे,” मी म्हणालो. ती पायरीवर बसली आणि चप्पल काढून नुसतीच बघत राहिली. “काकाचा फोन आला होता,” म्हणाली. “खुर्ची पुसून ठेवलीय म्हणे.”

महिनाअखेरचा रविवार आला. वेल्डरमामा टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत पोराची गादी, पोराच्या गळ्यात गिटार. हमालांनी शेगडी उतरवली, कण्हणारा पंखा उतरवला, खणांतली पुस्तकं पोत्यात भरली. मग कपाट दारापाशी आणलं आणि थांबले.

“आडवं घ्या,” मामा म्हणाले. नाही. “उभं घ्या.” नाही. एव्हाना जिना गल्लीने भरला होता.

“तिरपं करा, तिरपं!” इस्त्रीवाला खालून ओरडला.

“पाय आधी!” किराणावाला.

“पोटाकडून घ्या ना, पोटाकडून,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“बाई, कपाट आहे,” हमाल घाम पुसत म्हणाला, “बाळंतीण नाही.”

मेट्रनबाई कपाटाच्या मागे पाठ टेकून उभ्या होत्या. एक हमाल मागून जोर लावायला वळला तर त्यांनी त्याला दटावलं, “मागे कुणी यायचं नाही. मागून मी धरलंय.” वॉर्डातला आवाज. हमाल जागच्या जागी.

“आत आलं ते बाहेर का निघत नाही?” मामा चिडले.

“आलं तेव्हा तुमचं दार नव्हतं ना मामा,” चौकशी म्हणाली.

“मग कापा कपाट. लाकूडच तर आहे.”

“कापा. पण दार कापलं तर चालेल ना? तेही लोखंडच तर आहे,” चौकशी म्हणाली.

गल्ली खदखदली. मामांचे कान लाल. हत्ती लावायची भाषा केलेला माणूस, स्वतःच्या हाताने दार कसं उतरवणार! “राहू दे कपाट इथेच,” ते म्हणाले. “माझा पोरगा वापरेल.”

तो पोरगा त्या वेळी जिन्याच्या वळणावर कंटाळून उभा होता, आणि शीळ घालत होता.

मेट्रनबाईंनी ती शीळ शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “नाही. भाडेकरूचं सामान भाडेकरूबरोबर जातं. हा या घरचा नियम आहे. आणि धडकं जातं. माझ्या वॉर्डातून कधी कुणी तुकड्यांत बाहेर गेलेलं नाही.”

“अगं ताई, मग करायचं काय?”

“काय करायचं म्हणजे? तिचं सामान आत आहे तोवर खोली रिकामी नाही. खोली रिकामी नाही तर तुझ्या पोराला काय देऊ? जिना?”

मामांनी बहिणीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, दाराकडे तर फार वेळ पाहिलं. मग गादी पुन्हा टेम्पोत टाकली. पोराची रवानगी त्याच्या आजोळी झाली. तिथलं मोठं अंगण आणि बहिरे आजोबा पाहता शिळेची सोय उत्तम होती.

शेगडी परत वर गेली, पंखा परत कण्हायला लागला. आणि त्या आठवड्यात ती गुपिताची कुजबुज सुरू झाली. भावाला परत पाठवलं, पोरीला ठेवलं! काहीतरी पाणी मुरतंय. शिंपीणबाईंचा डॉक्टर तेव्हाच परदेशातून परतला.

मामा अधूनमधून येत. “काय गं, निघालं का कपाट?”

“चौकशी चालू आहे, मामा,” ती म्हणायची.

परीक्षेच्या दिवसांत तिने गाडीमास्तरांकडून सुट्टी घेतली. मास्तरांनी त्या काळात नवीन कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मेट्रनबाई सकाळी चादरीचे कोपरे तपासायला वर जात त्या आता चहाचा कप घेऊन जात. कोपरे तपासणं काही सुटलं नव्हतं. एकदा खालून मला ऐकू आलं, “मावशी, आज कोपरा बरोबर आहे का?” आणि उत्तर आलं, “डावा ढिला आहे. चहा पी.”

ती पास झाली. दुसऱ्या शहरात, घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. म्हणजे लोकांची दारं वाजवून प्रश्न विचारायचे, आणि त्याचा पगार. काकाची पुसलेली खुर्ची आजही रिकामी असेल. आता तिचं स्वतःचं घर आहे, आणि आमच्याकडचं कुणी तिकडे शिकायला गेलं की खोलीसाठी पहिला फोन तिलाच जातो.

ती निघाली त्या दिवशी मामा कामावर होते आणि गल्ली जेवायला बसली होती. तिने मला खण उतरवायला बोलावलं. मी ‘ताप’ आणि ‘खोकला’ दोन हातांत धरून खाली आलो आणि मागोमाग कपाटही आलं. दारापाशी कुणाला आडवं-तिरपं म्हणावं लागलं नाही.

“पोचलीस की कळव,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आणि तिकडे खोली घेताना आधी दार बघ.”

“हो मावशी.”

टेम्पो वळला तसा मी बाईंकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालत का होईना, त्यांनी मला सांगितलं.

कपाट पहिल्यापासून दोन भागांचं होतं. वरचा भाग खालच्यावर मागच्या बाजूने स्क्रूंनी बसवलेला होता. वर नेलं तेव्हाही ते सुटंच नेलं होतं. त्या दुपारी स्क्रू पिळले चौकशीने, आणि वरचा भाग धरून उभ्या होत्या मेट्रनबाई.