खाली राहिलेला जुळा

माझ्या धाकट्या भावाचं लग्न उपग्रहाशी झालंय, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तो शांतपणे दुरुस्ती करायचा, "उपग्रहाशी नाही ताई, त्याच्या जुळ्या भावाशी."

वरून जमिनीचे फोटो काढणारा, आपल्या देशाने स्वतः बनवलेला पहिला उपग्रह वर गेला, तेव्हा अगदी तसाच दुसरा खाली केंद्रात ठेवला होता. वर काही बिघडलं तर पाना घेऊन कोण जाणार? म्हणून तोच बिघाड आधी खालच्यावर करून बघायचा, उपायही त्याच्यावरच करून बघायचा आणि जमला तरच वर हुकूम पाठवायचा. केंद्रात सगळे त्याला 'जुळा' म्हणायचे आणि माझ्या भावाला 'जुळ्याची आई'. घरात एक मोजा सोफ्यावर नि दुसरा फ्रीजवर टाकणारा हा प्राणी तिथे पांढरा डगला, टोपी, हातमोजे घालून त्या यंत्राला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. मला सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, की लग्न न केल्याबद्दल त्याला बोलायला घेतलेलं वाक्य मी गिळून टाकायचे.

त्याला दुसरं एक वेड होतं. पोरांनी या कामात यावं म्हणून तो सुट्टीच्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं द्यायचा. "आपल्याच नद्यांचे फोटो दुसऱ्यांकडून विकत घ्यायचे, आणि पूर आला की ते कधी देतायत म्हणून तोंडाकडे बघत बसायचं! पुन्हा ते दिवस यायला नकोत!" हे तो पोटतिडकीने सांगायचा. पोरं टाळ्या वाजवायची आणि डॉक्टर व्हायला निघून जायची. एकदा असाच तोंड पाडून घरी आला.

"तक्ते दाखवून काही होत नाही गं. पोरांना आतलं दिसलं पाहिजे. आपल्या हातांनी हे होतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

पुढे केंद्राने मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि जुळ्याची एक बाजू कापून तो मांडावा ही कल्पना ह्याचीच. केंद्राचे साहेब कचरत होते. पण वरचा ठणठणीत होता, पुढच्या उपग्रहाची जुळवाजुळव सुरू झाली होती, त्याचा वेगळा जुळा येणारच होता. साहेबांनी सही केली. कापायचं काम ह्याने कुणालाच करू दिलं नाही. आत दिवे बसवायचे म्हणून तारांचे जुडगेही त्यानेच तोडले. घरी आला तेव्हा केसांत धातूचा भुगा होता.

"जरा दुखलं गं," म्हणाला.

"आधी डोकं धुऊन ये," मी म्हटलं. मला कुठे ठाऊक होतं?

प्रदर्शनाला ही गर्दी! चष्मा लावलेली एक सडपातळ मुलगी तर दर रविवारी यायची, आणि पहारेकरी दिवे मालवेपर्यंत ह्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. गॅरेजवाल्याची मुलगी. वडिलांना तिने हिशेबनीस व्हायला हवं होतं. माझा भाऊ त्या गॅरेजमध्ये जाऊन, उलट्या डब्यावर बसून, त्यांना समजावून आला. "पोरीला परदेशी जावं लागणार नाही. इथेच काम मिळेल, घरून जाऊन-येऊन. माझा शब्द," असं सांगून आला. त्या दिवशी तो इतका खुशीत होता, की त्याने चक्क मोजे जागेवर ठेवले.

आणि मग वरचा आजारी पडला. सूर्याकडे पाठ करून फिरायला लागला, बॅटरी उतरत चालली. त्याला वळवायचे दोन मार्ग होते. एकाने वाचला असता, दुसऱ्याने कायमचा गेला असता. कुठला कोणता, हे जुळ्यावर करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि जुळा प्रदर्शनाच्या दालनात पोट उघडं टाकून उभा होता. त्याला उचलून आणला, ह्याने तारा जोडायला घेतल्या. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. बॅटरी उतरायची थांबेना. शेवटी साहेबांनी अंदाजाने एक मार्ग निवडला आणि हुकूम पाठवला.

वरून काहीच उत्तर आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

भरदुपारी हा घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. त्याला कुणी दोष दिला नाही. "सही माझी होती," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. जेवणाचं ताट समोर ठेवलं की तो नुसता बघत राहायचा. मी ते तसंच उचलून झाकून ठेवायचे.

काही महिन्यांनी साहेब स्वतः घरी आले. चहाला नको म्हणाले. पुढचा उपग्रह रद्द झाला होता. फोटो पुन्हा बाहेरूनच विकत घ्यायचे ठरलं होतं. विभाग बंद. तरुण मुलं परदेशात अर्ज करत होती. ह्याला त्याच प्रदर्शनाच्या दालनात, लोकांना माहिती सांगायचं काम मिळालं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात गॅरेजवाले आणि त्यांची मुलगी. तिला अंतराळ अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. वडिलांनी नखांतलं ग्रीस निघावं म्हणून हात घासघासून लाल केले होते.

"काका, पुढच्या उपग्रहाचा जुळा मी सांभाळणार," ती म्हणाली. "तोवर तुम्ही निवृत्त व्हायचं नाही हं!"

मी भावाकडे बघितलं. आता सांगेल, मग सांगेल. पण तो हसला. "नाही होत," म्हणाला.

"तुमच्या शब्दावर पाठवतोय," तिचे वडील हात जोडून म्हणाले. ह्याने ते जोडलेले हात दोन्ही हातांत धरले.

ती दोघं गेल्यावर माझा पारा चढला. "अरे, खरं का नाही सांगितलंस? उद्या पोरीचं काय? त्या बापाला काय तोंड दाखवणार आहेस?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ हमसून हमसून रडायला लागला. मी जवळ बसले, पाठीवर हात ठेवला.

"सांगणारच होतो गं ताई. पण इतकी वर्षं पोरांना हाका मारत होतो... आणि पहिल्यांदाच कुणीतरी आलं."