४००३९९७च्या पुढची रिकामी जागा

टोनिंग गावच्या गेझीने ब्रोडर्सेन या बाईने अकरा वर्षं बेरजा केल्या. तिचा थोरला भाऊ डेटलेफ, निवृत्त शाळामास्तर, याला एक कोष्टक छापायचं होतं: चाळीस ते पन्नास लाखांमधल्या प्रत्येक विषम संख्येपुढे तिचा सर्वांत लहान विभाजक. पुढे जागा रिकामी, तर ती मूळ संख्या.

एकेक मूळ संख्या घेऊन गेझीनेने तिच्या पटी बेरजेने मांडत जायच्या आणि कोष्टकात त्या पटींपुढची जागा रिकामी असेल तर तिथे ती मूळ संख्या भरायची. एक चूक झाली की पुढच्या सगळ्या पटी सरकणार. म्हणून दर विसावी बेरीज डेटलेफ गुणाकाराने ताडून पाही आणि लाल खूण करी.

१८६९च्या फेब्रुवारीत हाम्बुर्गच्या छापखान्यातून तपासणीसाठी मुद्रितं आली. शनिवारच्या टपालाने होकार गेला की छपाई सुरू होणार होती.

"दादा, ४००३९९७पुढे काहीच नाही."

"मग मूळ असेल. प्रत्येकीला जोडीदार हवाच का? तुला कुठे मिळाला?"

"२००१चा वर्ग ४००४००१. त्यातून चार काढले की हीच. म्हणजे १९९९ गुणिले २००३."

डेटलेफने कॉफीचा पेला खाली ठेवला.

गेझीनेने १९९९च्या पटींची यादी काढली. दोन हजार मिळवा, एक काढा, इतकं ते सोपं होतं. पहिल्याच ओळीत तिने तो एक दोन वेळा वजा केला होता. पुढच्या पाचशे पटी एकेका घराने सरकल्या होत्या. लाल खुणा मात्र जागच्या जागी होत्या.

"पंचवीस खुणा आहेत, दादा. पंचवीसच्या पंचवीस खोट्या." तिने कागद त्याच्यापुढे धरला. "पहिली ओळ वाच."

"उजेड कमी आहे."

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं.

"कधीपासून दिसत नाही?"

"तुझी चूक कधी सापडलीच नव्हती गं. म्हटलं, पुढेही सापडणार नाही."

"कधीपासून, ते सांग."

"आई गेली त्याच्या आधीपासून."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. नुसत्या त्यानंतरच्या याद्याच दोनशे नऊ निघाल्या. छपाईसाठी जुळवलेले आकड्यांचे खिळे सुटे करून टाका, असं पत्र गेझीनेने छापखान्याला लिहिलं.

"अकरा वर्षं, गेझी! त्या एका संख्येकडे कोण बघणार आहे?"

"ज्याला लागेल तो."

दुपारी तिने पहिली यादी नव्याने मांडायला घेतली. विसाव्या बेरजेला थांबून गुणाकारही स्वतःच केला. बेरीज तिची, पडताळाही तिचाच. तीच चूक दोन्हीकडे झाली असेल तरी उत्तर जुळणारच होतं.

समोर डेटलेफ बसला होता. त्याची नजर तिच्या डाव्या खांद्यापलीकडे होती.

"जुळलं?"

"जुळलं," ती म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा बेरीज करू लागली.