पितृपक्षात संपलेला व्हिसा

माझी नात थायलंडमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर केस विंचरता विंचरता म्हणाली, "आजी, माझा व्हिसा वाढवायचाय. अजून अठरा दिवस आहेत, बघते निवांत."

मी शेंगा सोलत होते. ताट बाजूला ठेवलं.

"निवांत नाही. उद्या सकाळी."

"अगं, अठरा दिवस आहेत."

"मलाही होते."

ती हसली. तिची समजूत अशी की मी जन्मापासून इंदिरानगरच्या या गॅलरीतच बसून आहे. मग तिला सगळं सांगणं भाग पडलं. ही गोष्ट घरात फक्त माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना ठाऊक होती. दोघंही आता नाहीत, त्यामुळे माझी अब्रू राखायची जबाबदारी कुणावरच उरलेली नाही.

तेव्हा मी पस्तिशीची होते आणि स्वतःला फार सुधारलेली समजायचे. नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवायचे, केस खांद्यापर्यंत कापले होते, आणि हळदीकुंकवाला गेले की बायकांना अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवायचे. त्या ऐकून घ्यायच्या. वाण मात्र मीही न विसरता घेऊन यायचे.

एक दिवस पेपरात जाहिरात आली, मालदीवला शिक्षक पाहिजेत. नवरा अंबडला कंपनीत होता. रात्रपाळी करून आला, जाहिरात वाचली आणि म्हणाला, "जा. आम्ही दोन वर्षं वरणभातावर काढू." मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याला फक्त समुद्रात मासे किती मोठे असतात एवढंच विचारायचं होतं. राहिल्या सासूबाई. त्या मनमाडच्या, सासरे रेल्वेत गार्ड. कुठलीही गाडी असो, तासभर आधी फलाटावर जाऊन बसणारी बाई. तीन दिवस त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. चौथ्या दिवशी लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या बॅगेत कोंबत म्हणाल्या, "बघू किती दिवस टिकतेस."

हे वाक्य मी समुद्रापार घेऊन गेले. लोणचं दोन महिन्यांत संपलं, वाक्य पुरून उरलं.

माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा मिनिटं. शाळा, मशीद, नारळ, आणि राजधानीला जाणारी बोट आठवड्यातून एकदा, मंगळवारी; ती परत यायची गुरुवारी सकाळी. माझ्याकडे वरच्या वर्गाची अकरा मुलं होती. त्यांच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेचे पेपर बाहेरच्या देशातून यायचे आणि आधीच्या गणिताच्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेलेल्या. मी त्यांना अपूर्णांकापासून धरून वर आणलं होतं. परीक्षा आली सव्वा-दीड महिन्यावर, आणि नेमका माझा व्हिसा संपत आला.

शाळेच्या ऑफिसात एकच क्लार्क. पन्नाशीचे, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. बाहेरून आलेल्या शिक्षकांचे कागद तेच बघायचे. तीन आठवडे आधीच येऊन म्हणाले, "मिस, पासपोर्ट द्या. बोट मंगळवारी जाते."

पहिली बोट सराव परीक्षेचे पेपर तपासण्यात गेली. दुसरी आळसात, ते कबूलच करते. तिसऱ्या बोटीनं सासूबाईंचं पत्र आलं. त्यात मुलाचे मार्क होते, शेजारणीच्या मुलीचं लग्न होतं, आणि शेवटी दोन ओळी : "आता पितृपक्ष लागेल. पंधरा दिवस नवं काही सुरू करू नकोस. पोटाला जप."

स्वयंपाकघराच्या दारामागे नाशिकहून नेलेलं कॅलेंडर लटकत होतं. पाहिलं तर पितृपक्ष दुसऱ्याच दिवशी लागत होता, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी माझा व्हिसा संपत होता.

आता हळदीकुंकवातल्या त्या विदुषीनं काय करावं? तिनं तर्क लढवला. पासपोर्टवर नवा शिक्का, म्हणजे नवं काम. पितृपक्षात अर्ज केला आणि काही वाकडं झालं, तर सासूबाई म्हणणार, सांगितलं होतं. त्यापेक्षा घटस्थापनेला चांगल्या मुहूर्तावर कागद देऊ. सरकारी काम आहे, आठ-दहा दिवस इकडे तिकडे चालतंच. हे शेवटचं वाक्य मी कुठून आणलं कुणास ठाऊक, पण अगदी खात्रीनं आणलं.

क्लार्कना खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, माझ्याकडे फोटो नाहीत. ते बेटावरच्या लग्नांत फोटो काढणाऱ्या माणसाला घेऊन आले. म्हटलं, साडी चुरगळली आहे. त्यांनी घरून बायकोची इस्त्री आणली. मग मी ताप आल्याचं सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं शहाळं पाठवलं. मी ते पाहुण्यासारखं गोड मानून प्यायले, निर्लज्जपणे.

घटस्थापनेच्या सकाळी न्हाले, पासपोर्टला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मिस, हे लाल काय आहे?"

"शाई."

त्यांनी पान उलटलं. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मिस, तुम्ही गणित शिकवता ना?"

"हो."

"मग आज तारीख किती?"

बारा दिवस होऊन गेले होते. आवाज न चढवता त्यांनी मला समजावलं, की हा उशीर माफ होईलच असं नाही. पुढच्या विमानानं परत पाठवू शकतात. आणि मी गेले तर दुसरा गणिताचा शिक्षक नव्या वर्षाशिवाय येणार नाही.

सगळ्यात आधी मला त्या अकरा मुलांची आठवण आली असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. आधी आठवली लोणच्याची बरणी. मुलं आठवली तासाला वर्गात गेल्यावर. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मिस, मंगळवारी त्रिकोणमिती की समीकरणं?" म्हटलं, मंगळवारी मी राजधानीला जातेय. "परत कधी?" फळ्याकडे तोंड करून मी म्हटलं, "गुरुवारी." ती मुलगी वहीत तारीख घालून 'गुरुवार, त्रिकोणमिती' असं लिहीत होती. तिला अजून कोनसुद्धा धड मोजता येत नव्हते.

बोटीचा प्रवास सहा तासांचा. क्लार्क माझ्याबरोबर आले, मांडीवर फाइल, फाइलीत हेडमास्तरांचं पत्र. वाटेत मी कारणं जुळवत बसले. पासपोर्ट हरवला होता. नाही, आजारी होते. नाही, बोट चुकली.

"मिस," समुद्राकडे बघत ते म्हणाले, "खरं सांगा. खोटं तुम्हाला जमत नाही. इस्त्रीच्या वेळीच कळलं होतं मला."

ऑफिसात माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई बसली होती. पासपोर्ट पाहिला, पत्र वाचलं, विचारलं, "उशिराचं कारण?"

मी सांगितलं. आमच्याकडे वर्षातले पंधरा दिवस गेलेल्या माणसांचे असतात. त्या दिवसांत आम्ही नवं काही सुरू करत नाही. इंग्रजीत ते मराठीपेक्षा फारच वेडगळ वाटलं. डोक्यावर पंखा फिरत होता. ती त्यांच्या भाषेत क्लार्कना काहीतरी म्हणाली आणि क्लार्कनी फाइल तोंडापुढे धरली.

मग माझ्याकडे वळली. "माझे आजोबा होड्या बांधायचे. नक्षत्र चांगलं लागल्याशिवाय नवी होडी पाण्यात उतरवायचे नाहीत. कुणी कितीही घाई करो."

मी खुर्चीत जरा सैल झाले.

"पण मिस, नियमाला आजोबा नसतात. दंड भरावा लागेल. परीक्षा संपेपर्यंतची मुदत देते. त्यापुढची हवी असेल तर तुम्ही स्वतः यायचं, आणि आधी यायचं."

दंड भरला. परत येताना बोट अशी हलली की दुपारचा भात समुद्राला अर्पण झाला. क्लार्क म्हणाले, पितरांना पोचला असेल. त्यांना ही कल्पना भलतीच आवडली. पुढे मुदत वाढली, मी आणखी वर्षभर तिथे राहिले, आणि दर मंगळवारी ते खिडकीतून विचारायचे, "मिस, पितर काय म्हणतात?"

गुरुवारी मी वर्गात होते. त्रिकोणमिती झाली, समीकरणं झाली, परीक्षाही झाली. अकरातली नऊ मुलं पास झाली. पहिल्या बाकावरची मुलगी काठावर, पण पास. हे मी नातीला दोनदा सांगितलं.

परीक्षेनंतर सुट्टीत घरी आले. सासूबाई लसूण सोलत होत्या. मी समोर बसले आणि अख्खी हकीकत सांगितली. मनात आशा अशी, की सूनबाईनं परमुलखातही आपला शब्द पाळला म्हणून त्यांचा ऊर भरून येईल.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मी काय लिहिलं होतं?"

"नवं काही सुरू करू नकोस."

"हे नवं होतं? जुनंच पुढे चालवायचं होतं ना? अगं, तुझा नवरा कॉलेजला मनमाडहून नाशिकला यायचा. त्याचा पास पितृपक्षात संपला, तर काय सर्वपित्रीपर्यंत विनातिकीट यायचा?"

आतल्या खोलीत नवरा जोरात खोकला. खोकला नव्हता तो.

"आणि बाकीच्या बायकांना अंधश्रद्धा शिकवतेस," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसूण घेतला. बऱ्याच पाकळ्या सोलून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टिकलीस पण."

त्या सुट्टीत त्यांनी मला लोणच्याच्या दोन बरण्या बांधून दिल्या.

माझी गोष्ट ऐकताना नात केस विंचरायचं विसरली होती. अर्ध्या डोक्याची वेणी, अर्धं मोकळं. "एवढं सगळं लोणच्याच्या बरणीसाठी?" म्हणाली. म्हटलं, हो, एवढं सगळं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तिचा मेसेज आला, "आजी, अर्ज भरलाय. पण आज अमावास्या आहे. चालेल ना?"

कार्टी माझ्यावर गेली आहे. मी उलट लिहिलं, "पावतीचा फोटो पाठव."