हात न लावायचा दिवस

सकाळी काशीराम शितपने स्वतःच शेडचं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"घेऊन जा अंगणवाडीत. मी मागायला आलो तरी देऊ नको."

"आलो तरी म्हणजे? येणारच तुम्ही," दर्शना म्हणाली. तिने किल्ली सेफ्टी पिनेत अडकवून पदराला लावली आणि ती कामाला निघून गेली.

शेडमध्ये पावस गावच्या दत्तात्रेय बेहेऱ्यांची काळी होंडा सिटी उभी होती. धुऊन, रबिंग करून, पॉलिश करून पहाटे काशीरामने तिच्यावर कोटिंग चढवलं होतं. आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला पाणी, धूळ आणि माणसाचा हात, तिन्ही वर्ज्य होतं. पाणी आणि धूळ त्याने बंदोबस्ताने बाहेर ठेवली होती. प्रश्न हाताचा होता, आणि हात त्याचाच होता.

काशीराम लांज्यापलीकडच्या एका वाडीतला. हाताला चैन नाही, ही त्याची लहानपणापासूनची ख्याती. लग्नात अंतरपाट धरलेला असताना याला त्याची एक सुटलेली दशी दिसली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत याने ती वीतभर ओढून काढली, ही गोष्ट दर्शनाच्या माहेरी अजून सांगतात. १९९८ साली तो आत्माराममामाच्या मागोमाग मुंबईला गेला. मामा वरळीला गाड्या पॉलिश करणाऱ्या दुकानात हेड होता. त्याने भाच्याला रबिंगला बसवलं. एकाच जागी फडकं गोल गोल फिरवत राहायचं, हे काम बाकीच्या पोरांना नकोसं व्हायचं. काशीरामला ते मानवलं. मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, "याच्या हाताला खाज आहे. घासायला ठेवलाय."

पण हाताची खाज पायातही होती. वरळी सोडून तो दादरला गेला, दादरहून ठाण्याला. लग्नानंतर चिपळूण झालं, मग पोफळीच्या कॉलनीत साहेबांच्या गाड्या धुण्याचं काम झालं. कुठे मालक वाईट होता, कुठे पाणी अपुरं होतं, कुठे धूळ जास्त. कारण दर वेळी वेगळं आणि दर वेळी खरं. शेवटी रत्नागिरीला कुवारबावला चिऱ्याच्या तीन भिंती आणि वर पत्रा अशी एक शेड मिळाली. दर्शनाला जवळच अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं. मुलगी सावनी दुसरीत गेली. एवढ्यात तिच्या दोन शाळा बघून झाल्या होत्या.

मग २००८च्या मार्चात मामाने मुंबईहून हे नवं कोटिंग धाडलं. जुन्या मेणाच्या पॉलिशसारखं ते महिनाभरात उडून जात नाही, काचेसारखं कडक होऊन वर्षं टिकतं, असं म्हणत. लावायचा हिशोब मात्र नाजूक. पत्र्यावर चढवलं की थोड्या वेळात त्याला घाम फुटल्यासारखं होतं आणि तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. नेमकं तेव्हाच कोरड्या फडक्याने सारखं करून घ्यायचं. घाई केली तर निघून येतं, उशीर झाला तर डाग धरतं. आणि त्यानंतर कडक होईपर्यंत बोटसुद्धा टेकवायचं नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत ते मुंबईपेक्षा कसं वागेल हे मामालाही ठाऊक नव्हतं.

पहिली गाडी एका डॉक्टरांची. संध्याकाळी वाळलं का म्हणून काशीरामने टपाला बोटं लावून पाहिली. चार बोटं उमटली. दुसरी बँकेतल्या साहेबांची. तिच्यावर त्याला एक कण दिसला, तो त्याने नखाने उचलला, आणि कणाच्या जागी नख राहिलं. दोन्ही गाड्या परत घासाव्या लागल्या. परत घासायचं म्हणजे मूळ रंगाचा थर थोडा जाणारच, आणि गेलेला रंग काही परत येत नाही. दोघांनीही नंतर तोंड दाखवलं नाही, पण गावात सांगायचं ते सांगितलं.

बेहेरेही ऐकूनच आले होते. त्यांची गाडी बारा महिने बागेत, कलमाखाली. टपावर आंब्याच्या चिकाचे जळके ठिपके होते आणि तुडतुड्यांच्या चिकट्याने बोनेट हाताला चिकटत होतं.

"डॉक्टरांच्या गाडीवर तुझी सही आहे म्हणे," ते उतरता उतरता म्हणाले.

"पुसली ती, बेहेरेकाका."

"माझ्या गाडीवर करू नकोस. आणि गाडी बागेत ठेवू नका असं मला सांगू नकोस. बाग सोडून ठेवू कुठे, बंदरात? हे टिकलं तर पावसच्या निम्म्या गाड्या येतील तुझ्याकडे. नाही टिकलं तर मेल्या, मी काही बोलणार नाही. बोलायची गरजच पडणार नाही."

हे झालं परवा. काल संध्याकाळी मामाचा फोन आला. मुंबईत नवी शाखा निघत होती आणि तिथे त्याला हेड माणूस हवा होता. "उद्या रात्रीपर्यंत सांग. नाय म्हणालास तर दुसरा उभाच आहे."

दर्शना तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "जायचं तर जा," ती म्हणाली. "पण या वेळी मी आणि सावनी इथंच." भांडून बोलली असती तर त्याला तोंड देता आलं असतं. ती खडे वेचत बोलली.

तेव्हा बेहेऱ्यांची गाडी नीट उतरणं म्हणजे इथे राहायला निमित्त, आणि तिसरी गाडी बिघडणं म्हणजे मुंबईतली खोली, एकट्याने. हे काशीरामला कळत होतं, म्हणूनच त्याने किल्ली दिली होती.

किल्ली गेली आणि डोकं चालायला लागलं. त्याने अंगण झाडलं. बादल्या घासल्या. फडकी धुऊन वाळत घातली, आणि वाळत घालताना मोजली तर त्यात एक कमी होतं. ते बाकड्याखाली सापडलं, न वापरलेलं. तो तिथेच थबकला. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा. हँडलच्या खाली. तिथे बल्बचा उजेड नीट पोचत नव्हता. तिथे पुसताना फडकं बदललं होतं का? बदललं नसेल तर ओलं फडकं फिरलं असणार, आणि मग डाग बसणारच. शटरच्या फटीला त्याने डोळा लावला. पुढचा दिवा दिसला, निम्मं बोनेट दिसलं. दरवाजा पलीकडच्या बाजूला होता.

दुपारी तो अंगणवाडीच्या दारात उभा राहिला. आत मुलं ओळीने बसली होती आणि दर्शना खिचडी वाढत होती.

"दर्शना, जरा बाहेर ये."

"इथनंच बोला."

"डावीकडचा मागचा दरवाजा."

"काय झालं त्याला?"

"फडकं बदललं की नाय, आठवत नाय."

"मग आठवा."

"एकदा बघतो. लांबनं."

"डॉक्टरांची पण लांबनंच बघितली होती."

अंगणवाडीच्या विमलाताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "शितप, बसा ओळीत. तुम्हाला पण वाढते."

मुलं हसली. काशीरामला हसू आलं नाही. "चेष्टा नाय. आत्ता अजून थोडं ओलं असेल, तर पुसून निघेल. संध्याकाळपर्यंत दगड होणार. मग परत घासणं आलं. बेहेरेकाका परत घासायला देतील?"

दर्शनाच्या हातातला खिचडीचा डाव थांबला. हा बोलतो ते खोटं नाही, हे तिला दिसत होतं. तिचा हात पदराच्या पिनेवर गेला आणि तिथेच राहिला.

"खरं सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "डाग आहे म्हणून जायचंय, की जायचंय म्हणून डाग आहे?"

डॉक्टरांच्या गाडीच्या टपावर बोटं ठेवताना काशीरामला असंच वाटलं होतं, अगदी असंच, खात्रीने. ती खात्री आणि ही खात्री यात फरक काय, ते त्याला सांगता येईना. तो पायरी उतरला आणि समोर आलेल्या एसटीत चढला.

मिरकरवाड्याला त्याच्या वाडीतला सदू एका ट्रॉलरवर कामाला होता. ट्रॉलर गळत होता म्हणून ओढून वर घेतला होता आणि सदू त्याच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडत उकिडवा बसला होता.

"गाडी कुठाय तुझी?"

"कोंडलीय."

"आणि तू?"

"मला पण."

"मग ही पट्टी घे नि लाग कामाला. कोंडलेल्या माणसाला मजुरी नाय."

काशीराम खरवडायला लागला. काम कडक होतं, हातात बळ घालावं लागत होतं, आणि कितीही जोर केला तरी इथे काही बिघडणार नव्हतं. पलीकडे बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, बायका माशांच्या भावावरून एकमेकींवर ओरडत होत्या. हातभर जागा साफ झाली की तो तिच्यावरून पंजा फिरवायचा आणि पुढे सरकायचा.

"रंग लावल्यावर किती दिवस हात लावत नाय तुम्ही?" त्याने विचारलं.

"हात लावायला वेळ कुणाला आहे? रंग मारला की जेवायला जायचं."

खिशात फोन वाजला. मामा. काशीरामने नाव पाहिलं आणि फोन वाजू दिला.

"उचल की," सदू म्हणाला.

"हात खराब आहेत."

"तोंड चांगलंय ना?"

फोन थांबला. परत वाजला, परत थांबला.

ऊन कललं तेव्हा तो कुवारबावला परतला. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता. शेडसमोर जीप उभी होती, मागे आंब्याच्या पेट्या, आणि बेहेरे दर्शनाशी हुज्जत घालत होते.

"ही म्हणते, त्यांना विचारा. घरच्या किल्लीची अशी गत मी पहिल्यांदा पाहतोय. उघड रे, नुसती बघतो."

"सकाळी, काका."

"गाडी माझी आहे ना?"

"तुमचीच. सकाळी."

"अरे, बघितल्याने झिजते काय?"

"बघितलीत की हात लावणार तुम्ही."

"मी काय तू आहे?"

काशीरामला एकदम जाणवलं की बेहेरे बोलताहेत ते सगळे त्याचेच शब्द. लांबनं, एकदाच, नुसतं. बाहेरून ऐकताना ते किती पोकळ वाटत होते.

"अढीतले आंबे बघायला रोज पेंढा उस्कटता का?" त्याने विचारलं.

"अढीला वास येतो रे. वासावर कळतं. तुझ्या कोटिंगला येतो का वास?"

"येतो. पण काय कळत नाय त्याच्यावरनं."

बेहेऱ्यांना हसू आवरेना आणि ते आवडलंही नाही. त्यांनी दर्शनाकडे हात पुढे केला. दर्शनाने नवऱ्याकडे पाहिलं. आता त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. आत जाता आलं असतं, बेहेऱ्यांच्या नावावर. दरवाजा बघता आला असता. बोटं आपोआप फडकं धरल्यासारखी वळत होती.

"देऊ नको," तो म्हणाला.

बेहेरे जीपमध्ये बसले. "सकाळी लवकर येतो. चहा तयार ठेवा, त्याला तरी कुलूप घालू नका."

सकाळी त्यांच्यासमोरच शटर वर गेलं. गाडी आरशासारखी निघाली होती. भिंतीतले चिरे, पत्र्याची वळी, बेहेऱ्यांचा पांढरा शर्ट, सगळं तिच्या काळ्यात स्वच्छ दिसत होतं. चिकाच्या ठिपक्यांचा मागमूस नव्हता. बेहेऱ्यांनी एक फेरी मारली आणि बोनेटवरून पंजा फिरवला.

काशीराम सरळ डाव्या दरवाजाकडे गेला होता. तो खाली बसला, मान तिरकी केली. हँडलच्या खाली, तळहाताएवढा, धूर अडकल्यासारखा डाग होता. म्हणजे दुपारी तो म्हणत होता ते खरं होतं. दुपारी आत गेला असता तर डाग निघाला असता. किंवा डाग निघाला असता आणि शेजारी पाच बोटं उमटली असती. आता ते कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि तेच त्याला सर्वांत जास्त खुपलं.

"काका, इथे एक राहिलाय."

"कुठे?"

"इथनं बघा. खाली बसून."

बेहेरे गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोळे बारीक केले. "मला काही दिसत नाही."

"आहे. दरवाजा परत करून देतो मी. चार दिवसांनी आणा."

"मी गाडीत बसून जातो रे, गाडीखाली बसून नाही. पावसाळा होऊ दे, मग बघू." त्यांनी चहा उभ्यानेच संपवला. गाडी सुरू करून काच खाली केली. "पुतण्याची पांढरी आहे, शार्दूलची. पांढरीला लागतं का हे?"

"लागतं."

"मग त्याला फोन करायला सांगतो. पण सही करू नकोस तिच्यावर, तो पोरगा कटकट्या आहे."

गाडी पावसच्या दिशेला वळली. वळताना डावी बाजू उन्हात आली आणि काशीरामला डाग इथूनही दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला.

त्याने मामाला फोन लावला.

"काल कुठे मेला होतास?"

"मामा, मी नाय येत."

"गाडी चांगली झाली वाटतं."

"डाग राहिला एक."

"डाग राहिला नि नाय येत म्हणतोस? डाग राहिला की पळायची तुझी रीत. बरं. मी त्या दुसऱ्याला सांगतो. मग परत फोन करू नको, जागा गेली म्हणून."

"नाय करणार."

फोन ठेवल्यावर हायसं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. तो शेडच्या पायरीवर बसला. दर्शना अंगणवाडीला निघाली होती. ती पिशवी घेऊन त्याच्याजवळ थांबली.

"नाय म्हणून सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग आता स्वस्थ बसा जरा."

"बसलोय की."

"पाय हलतोय."

काशीरामने पायाकडे पाहिलं. तो खरंच हलत होता. "हलू दे," तो म्हणाला. "बसल्या जागी हलतोय ना?"