करडी पडलेली हळद

ताई गेली त्या सकाळी मी मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधत होतो. फोन आला तो तिच्या स्टुडिओशेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. "दादा, सुरेखाताई पडल्यात, लगेच या," एवढंच तो म्हणाला. 'गेल्या' हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही, पण त्याच्या आवाजात तो ऐकू आला. नाशकात द्वारकेच्या चौकात नेहमीसारख्याच गाड्या तुंबल्या होत्या. मी गाडी तिथेच कडेला लावली आणि पळत सुटलो... मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. आता या गोष्टीला काही आठवडे झालेत. भेटायला येणारा प्रत्येक जण ताईच्या प्रामाणिकपणाबद्दल भरभरून बोलतो. मी मान डोलावतो आणि आतून ओशाळतो. कारण ज्या दिवसांमुळे ती या लोकांच्या लक्षात राहिली, त्या दिवसांत मी तिच्या शेजारी बसलेलो होतो, आणि धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटत होतं.

सुरेखा माझी थोरली बहीण. आमचं घर फुलं पिकवणारं. झेंडू, शेवंती, पुढे गुलाब. फुलांसोबत ताई लहानपणापासून लग्नमंडपात जायची, हार पोचवायला, आणि तिथे कॅमेरावाल्याच्या मागे जाऊन उभी राहायची. पुढे ती एका फोटो स्टुडिओत कामाला लागली, तिथेच शिकली आणि मग द्वारकेजवळ एका कॉम्प्लेक्समध्ये स्वतःची खोली घेऊन लग्नांचे व्हिडिओ करू लागली. मंडपात वरपक्षाकडचा कुणीतरी हटकून विचारायचा, "व्हिडिओवाला कधी येणार?" ताई कॅमेरा खांद्यावर चढवत म्हणायची, "आलाय." स्वतः तिने लग्न केलं नाही. आई कधी विषय काढायची, तर म्हणायची, "अगं, दर मुहूर्ताला एका लग्नात असते मी, अजून किती करू?" आई हसायची.

काही वर्षांपूर्वी तिने नवा कॅमेरा घेतला. तो एचडीआरमध्ये चित्रण करायचा. उजेडातलं आणि सावलीतलं दोन्ही त्यात इतकं जिवंत दिसायचं, की पहिल्यांदा माझाच गुलाब तिच्या टीव्हीवर पाहून मी हात पुढे केला होता. त्या कॅमेऱ्याने केलेल्या पहिल्या कामांपैकी एक होतं गौरीचं लग्न. गौरी त्र्यंबकच्या एका उपाध्यायांच्या घरची एकुलती मुलगी. तिचे वडील, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, यजमानांचे विधी करण्यात आयुष्य गेलेला माणूस. अत्यंत कडक. घरातल्या एकाही फोटोत ते हसताना नाहीत, असं गौरीच म्हणायची. पण हळदीच्या दिवशी गौरीने मागून येऊन दोन्ही हातांची हळद त्यांच्या टकलावर थापली, आणि गुरुजी असे हसले, असे हसले... खांदे गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताई नेमकी समोर होती. घरी आल्यावर तिने मला सांगितलं, "संजू, आज एक खरा माणूस सापडला."

पुढच्या वर्षी तिच्या डिस्क भरत आल्या. मोठमोठ्या फाइली लहान फॉरमॅटमध्ये बदलून ठेवायच्या, म्हणून तिने एक सॉफ्टवेअर लावलं, एक फाइल तपासली, ती ठीक दिसली, मग बाकीच्या सगळ्या रांगेने बदलल्या आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. तिने जी तपासली ती जुन्या कॅमेऱ्यातली साधी फाइल होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी गुरुजी आजारी पडले आणि गेले. गौरीचा फोन आला. आधी दिलेल्या छोट्या व्हिडिओत बाबा जेमतेम दिसत होते. लग्नातलं बाबांचं जेवढं असेल तेवढं सगळं हवं, कापलेलं, न कापलेलं, सगळं. ताईने फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि स्वतः द्यायला निघाली. गाडी मी चालवत होतो, म्हणून मीही त्या घरात होतो. काकू, म्हणजे गौरीची आई, टीव्हीसमोर पाटावर बसल्या होत्या. गौरीने हळदीची फाइल लावली.

पडद्यावर सगळं करडं होतं. मांडव करडा, साड्या धुवून धुवून विटलेल्या कापडासारख्या, आणि गुरुजींच्या डोक्यावरची हळद... ती राखेसारखी दिसत होती. गुरुजी हसत होते, आणि डोक्यावरून जणू राख ओघळत होती. ताईने पुढची फाइल लावली, मग त्याच्या पुढची. सगळ्या तशाच. काकू उठल्या, त्यांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"टीव्हीचं काही सेटिंग असेल," मी म्हणालो. निदान तो दोष टीव्हीवर ढकलून बाहेर पडता येईल, असं मला वाटलं.

"नाही," ताई म्हणाली. "माझ्याकडून बिघडलंय. मूळ फाइली मी पुसल्यात."

नंतर तिने कामं घेणं बंद केलं. नात्यातल्या लग्नांनाही ती जाईना. फुलबाजारात मला लोक विचारू लागले, ते गुरुजींचं काय झालं हो, तुमच्या बहिणीकडून सगळं गेलं म्हणे? मी फुलांकडे बघत 'हं' म्हणायचो. आईला हे सहन व्हायचं नाही. "तिनं काय चोरी केली नाय," ती मलाच फटकारायची, "मान खाली घालून काय फिरतो?" पण मान वर येत नव्हती. ताईची तर नाहीच. ती म्हणायची, "एखाद्याचं घर जळालं तर निदान दुसऱ्या घरात फोटो सापडतो. माझ्यावर विसंबून त्यांनी दुसरीकडे काही ठेवलंच नव्हतं."

मग एका दुपारी तिचा फोन आला. "ये लगेच." मी गेलो तर ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बसली होती. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या खिशात एक विसरलेलं कार्ड सापडलं होतं, त्यावर गौरीच्या लग्नातली मंगलाष्टकांची थोडी मूळ फाइल होती. तीच फाइल बदललेल्या स्वरूपातही होती. दोन्ही फाइलींची माहिती तिने ओळीने लावून पाहिली होती. मूळ फाइलीत काही ओळी होत्या, त्या दुसरीत नव्हत्या. तिने मला माझ्या भाषेत समजावलं. "तू गुलाबाच्या खोक्यावर लिहितोस ना, थंडीत ठेवा, ही बाजू वर? ते लिहिलेलं पुसलं तर फुलं आत असतातच, पण घेणारा खोकं उन्हात उलटं टाकतो. तसंच झालंय. यातले रंग कसे वाचायचे, उजेड किती धरायचा, हे टीव्हीला सांगणारा मेटाडेटा फॉरमॅट बदलताना गळून पडला. टीव्हीने ते साधं चित्र समजून दाखवलं." मग तिने त्या ओळी बदललेल्या फाइलीत परत भरल्या आणि फाइल उघडली. नवरीचा शेला एकदम लाल झाला. ताई खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. "रंग गेलाच नव्हता रे," ती म्हणत होती, "रंग आतच होता..."

पण सगळं परत आलं नाही. काही फाइलींना तिने जास्त हलकं करणारी सेटिंग वापरली होती. त्यांतले उजेडाचे भाग सपाट पांढरे होऊन बसले होते. गौरीच्या पाठवणीची फाइल त्यांतलीच होती.

मला वाटलं, आता गौरीला बरं झालेलं देऊ आणि विषय मिटेल. ताईने मात्र त्या वर्षभरात ज्यांना ज्यांना अशा फाइली दिल्या होत्या, त्या प्रत्येकाच्या घरी जायचं ठरवलं. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांच्याही. ज्यांना काही कळलंही नव्हतं त्यांच्याही. मी म्हणालो, फोनवर सांग, नवी फाइल पाठवून दे. ती म्हणाली, "लग्नाला घरी गेले होते ना मी? मग आता पण घरीच जाईन."

ते दिवस मी विसरू शकत नाही. लोकांच्या सोफ्यावर आम्ही दोघं, समोर पाण्याचे ग्लास, आणि ताई सुरुवात करायची, "तुमच्या व्हिडिओत माझ्याकडून एक चूक झालीय..." मी शोकेसमधल्या बाहुल्या बघत बसायचो. मनमाडला रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ जोरात हसले. "ताई, आम्हाला वाटलं हल्लीची फॅशन हाय, असं फिकट फिकट. लय आवडलं सगळ्यांना." ताई म्हणाली, "फॅशन नाही दादा, माझी चूक आहे. हे घ्या बरोबर केलेलं." नाशिकरोडला एका नवरीच्या सासूबाईंनी तिला दारातच उभं करून ऐकवलं, की आमच्या आयुष्यातल्या एकदाच येणाऱ्या दिवसाची तुम्ही वाट लावलीत. ताई ऐकत राहिली. मध्ये एकदाही 'पण' म्हणाली नाही. जिना उतरताना मी चिडून म्हणालो, "यांना कळलंही नसतं गं!" ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला कळलं होतं ना."

त्र्यंबकला ती सगळ्यात शेवटी गेली. काकू पुन्हा त्याच जागी बसल्या. हळद सुरू झाली. पिवळीधमक. गौरीचे हात, गुरुजींचं डोकं, उपरण्यावर पडलेले ओघळ, आणि ते हसू. काकू बराच वेळ बघत होत्या.

"एवढे पिवळे झाले होते का गं हे?"

"हो आई," गौरी म्हणाली. "नंतर हळद निघता निघत नव्हती."

मग काकू ताईकडे वळल्या. "इतके महिने मला ते राखेतलेच दिसत होते. डोळे मिटले तरी."

"हो काकू," ताई म्हणाली.

"आणि पाठवणीचं?"

"ते नीट नाही झालं. होणारही नाही. ते माझ्यामुळे कायमचं गेलं."

काकू आता जा म्हणतील, असं वाटून मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "हळदीचं परत लाव." ताईने परत लावलं. मग आणखी एकदा. आम्ही निघालो तेव्हा काकूंची नजर पडद्यावरच होती. माफ केलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. गाडीत मी विचारलं, "बरं वाटलं ना आता?" ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लाज आहे अजून. असू दे. आता काम करता येईल."

तिने पुन्हा कामं घेतली. मूळ फाइल पुसणं मात्र तिने कायमचं सोडलं.

परवा मी तिचा स्टुडिओ रिकामा करायला गेलो. जागेच्या मालकांना भिंती पांढऱ्या करून खोली दुसऱ्याला द्यायचीय. त्या प्रकरणानंतर ताईने सगळ्या भिंतींना करडा रंग दिला होता. रंगीत भिंत डोळ्याला फसवते म्हणे, समोरचा रंग खरा कळत नाही. रंगारी तेव्हा चाचरत विचारत होता, "ताई, घरात कुणी वारलंय का?" तिला त्याचं फार हसू आलं होतं. मी त्या खोलीत बसलो. माझा साधाच निळा शर्ट तिथे नको इतका निळा दिसत होता.

कॉम्प्युटर सुरू केला तर एक लग्न अर्ध्यावर थांबलेलं होतं. डावीकडे मूळ फाइल, उजवीकडे बदललेली. ती अशी दोन्ही शेजारी लावून, पुढे न ढकलता, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. मग खिडकीत वाळत टाकलेला तिचा हातरुमाल घडी करून मी बाजूला ठेवला आणि जिथे ती थांबली होती तिथून सुरू केलं. मला त्यातलं तंत्र कळत नाही. मी फक्त बघत राहिलो, डावीकडचा शालू आणि उजवीकडचा शालू, डावीकडची मेंदी आणि उजवीकडची मेंदी, अगदी पाठवणीची गाडी निघून रस्ता रिकामा होईपर्यंत. मग त्या घरी फोन केला. पलीकडे नवरीचे वडील होते. मी म्हणालो, "फाइल तयार आहे. तपासून झालीय... अर्धी ताईंनी तपासली, अर्धी मी."