माझ्या मावसभावाच्या बाजूचा साक्षीदार

माझ्या मावसभावाइतकी कामं मनापासून सुरू करून अर्धवट सोडणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडणार नाही. बिबवेवाडीतल्या त्याच्या घरातली एक भिंत सहा वर्षं अर्धी पिवळी आणि अर्धी पांढरी आहे. रंग संपला म्हणून तो आणायला गेला आणि बुधवार पेठेतून जुना रेडिओ घेऊन आला. तोही अजून उघडाच पडलाय. माझ्या मुलीच्या लग्नाला मात्र तो अगदी वेळेवर पोचला, फक्त शेजारच्या कार्यालयात. तिथे आहेर करून, पोटभर जेवून, मसालेभात झकास होता पण तू कुठे दिसला नाहीस, असं त्याने मलाच सुनावलं.

आम्ही सगळे हसलो. त्याला हसायची सवय आम्हाला लहानपणापासूनची. त्याचे वडील, आमचे काका, गणिताचे मास्तर. निकालाच्या दिवशी ते नातेवाइकांना चहाला बोलवायचे आणि प्रगतिपुस्तकातला शेरा त्याला उभं करून त्याच्याच तोंडून वाचून घ्यायचे. "हुशार आहे, पण लक्ष नसते." त्यानंतर माझे गुण वाचले जायचे, त्यामुळे सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. मावशी तेवढी आत जाऊन भांडी आपटायची.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, कितवी तरी नोकरी सुटल्यावर, बायकोने त्याला डॉक्टरांकडे नेलं. एडीएचडी, म्हणजे जन्मापासूनच लक्ष एका जागी न टिकणं, असावं, असं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पण खात्रीसाठी त्याचं लहानपण पाहिलेलं घरचं कोणीतरी हवं होतं. मावशी आता नाही. काकांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "आमच्या वेळी यावर एकच औषध होतं. ते द्यायला मीच कमी पडलो."

तो खाली मान घालून ऐकत राहिला. मला काकांचा राग आला, आणि त्याहून माझा, कारण मी तिथेच बसून चहा पीत होतो.

शेवटी मीच त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरबाई विचारत गेल्या, मी सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी यांच्या बाजूने कोण होतं?"

कोणी नाही, असं मी म्हणणार एवढ्यात तोच म्हणाला, "हा होता ना. शाळेतून येताना मी कुठेतरी बघत उभा राहायचो. बाकीची पोरं निघून जायची. हा शिव्या घालायचा, पण थांबायचा."

थांबायचो, कारण त्याला टाकून एकटा आलो तर मावशी मला खाऊ देत नसे. हे त्याला कधीच कळलं नव्हतं. अख्ख्या लहानपणातून त्याने जपून ठेवलेलं तेवढंच होतं. डॉक्टरबाईंनी त्या प्रश्नापुढे माझं नाव लिहायला घेतलं, आणि मी ते लिहू दिलं.